काचेच्या दाराचा फ्रीज

मिलिंदभाऊ मुनेश्वरांनी कुणाच्या फ्रीजला 'गेला' म्हटल्याचं मला आठवत नाही. आर्णीत आणि आसपासच्या खेड्यांत फ्रीज, कूलर, पाणी गार करायच्या टाक्या दुरुस्त करणारा हा माणूस माझा घरमालक होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलीवर मी आर्णीला आले तेव्हा त्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, त्यांच्या बिऱ्हाडाशेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पुढची बदली होईपर्यंत तिथंच राहिले. दुरुस्तीला आलेल्या फ्रीजचं दार गंजून हातात आलेलं असो की आत उंदरांनी संसार मांडलेला असो, मिलिंदभाऊ त्याच्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहत आणि म्हणत, "थांबला आहे फक्त. होऊन जाते." गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, जाऊ द्या, नवाच घेतो. तसं कुणी म्हटलं की यांचा चेहरा असा उतरायचा, जणू घरातल्याच कुणाबद्दल वाईट बोललं गेलंय. त्यामुळे आमच्या अंगणात कुणी न नेलेल्या फ्रीजची रांग उभी असायची आणि त्यातले निम्मे चक्क चालू असायचे. एकात आजी, म्हणजे त्यांची आई, लाल मिरच्या ठेवायची. एकात माझं दूध असायचं.

दुधावरूनच आमची पहिली चकमक झाली. नवीन नवीन राहायला आले होते. जिन्याखाली काचेच्या दाराचा एक उंच फ्रीज होता, पानठेल्यावर थंड पेयांच्या बाटल्यांसाठी असतो तसला. आत पांढरा दिवा जळत होता. बाटल्या नव्हत्या, चहाचे कागदी कप ओळीनं मांडलेले होते आणि कपांत नुसती रेती. मी दार उघडून दुधाचं पातेलं आत सरकवलं तोच मिलिंदभाऊ अंगणातून पळत आले.

"मॅडम, ह्याचं दार नका उघडू. ह्याच्यात राह्यतात."

"कोण राहतं?"

त्यांनी बोटानं एका कपाकडे दाखवलं. मला रेतीशिवाय काही दिसेना. चष्मा सारखा करून वाकून पाहिलं तेव्हा रेतीवर हिरवे दोन ठिपके दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे. एवढ्या दोन ठिपक्यांसाठी अख्खा फ्रीज, दिवा आणि वर इन्व्हर्टर. मी पातेलं उचललं आणि मनात म्हटलं, घरमालक जरा सटकलेला दिसतो.

सटकलेला मुळीच नव्हता. उंच, शिडशिडीत, मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर लोकांची थंडी दुरुस्त करणारा हा गृहस्थ स्वतः फ्रीजचं पाणी कधी पीत नसे, माठातलंच प्यायचा. मला ताप आला की दारातूनच विचारायचा, "थर्मामीटर आहे ना?" आणि नाही म्हटलं तर फ्रीजमध्ये लावायचा आपला तापमानाचा काटा आणून द्यायचा. भांडण त्याला जमत नसे. कुणी अंगावर आलं तरी उत्तर एकच, "होऊन जाते." ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. पुढे पुढे मला ते दोन शब्द ऐकले की डोक्यात तिडीक जायला लागली, ती का ते सांगते.

लग्नाआधी मिलिंदभाऊ तिकडे हिमाचलात, कुल्लूजवळ, सफरचंदांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळायला होते. तिथं सफरचंदं निवडायला येणाऱ्या बायकांत डोलमा होती. मनालीच्या पलीकडे, बोगद्यातून बाहेर पडून अजून पुष्कळ वर, हिवाळाभर रस्ता बंद असतो अशा गावची. घरी एकटी माय, शेताचा तुकडा, एक भाऊ खाली गावात नोकरीला. मिलिंदभाऊंनी तिला तिथंच लग्नाचं विचारलं आणि लग्न करून आर्णीला घेऊन आले.

आर्णीच्या बौद्ध वस्तीत केवढा आनंद झाला म्हणतात. धम्मात येऊन आपल्याला दोन-तीन पिढ्या झाल्या, ही तर शेकडो वर्षांच्या बौद्धांच्या घरातली पोर. विहारात तिचा सत्कार ठेवला. पांढऱ्या लुगड्यातल्या बायका रांगेनं बसल्या, त्रिशरण-पंचशील झालं आणि डोलमाला पुढे बोलावलं. ती मूर्तीसमोर गेली, हात डोक्यावर, तोंडापाशी, छातीशी जोडले आणि सगळं अंग जमिनीवर टाकून लोटांगण घातलं. उठली, परत घातलं. एक वडीलधारी बाई हळूच म्हणाली, "पोरी, आपल्यात लोटांगण नाही घालत." वाईट हेतूनं नव्हे, शिकवायचं म्हणून. डोलमा तिसऱ्यांदा अर्धी वाकलेली होती, ती तशीच उभी राहिली. आजी मला सांगायची, "त्या दिवशी तिले हात कुठं ठेवाव तेच समजत नव्हतं, बाई. जेवतानीबी मांडीवर धरून बसली होती."

मी तिथं गेले तोवर ती भाकरी थापायला शिकली होती आणि वऱ्हाडी बोलायलाही. तिच्या तोंडून 'काहून' ऐकताना मजा वाटायची. मला ताई म्हणायची. मूलबाळ नव्हतं. आजी तिला जिवापाड जपायची, अंगणात ऊन पडलं की "आत जाय वं माय" करत पदरानं सावली करायची. पण मार्च संपला की डोलमाला घोळणा फुटायचा. नाकातून रक्त थांबायचं नाही. मे महिन्यात ती न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पडून असायची, दुपारभर, डोळे उघडे ठेवून. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा आम्हालाच सोसवत नाही, त्या पोरीची काय कथा.

काचेच्या फ्रीजमधले हिरवे ठिपके तिच्या गावच्या फुलाचे होते. बर्फ वितळतं तिथं, पाण्याच्या कडेला येणारं, बोटभर उंचीचं गुलाबी फूल. तिच्या भाषेत त्याला नाव होतं, मिलिंदभाऊंच्या जिभेला ते वळायचं नाही, ते नुसतं 'मायचं फूल' म्हणायचे. निघताना डोलमाच्या मायनं बियांची एक पुरचुंडी त्यांच्या हातात दिली होती. ती गोष्ट त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसून सांगितली.

"सासू म्हणे, हे बी तुह्या गावात उगलं तं समजीन का माही पोरगीबी तथी जगते. परीक्षाच ठेवली नं मॅडम बुढीनं."

"मग?"

"मग काय. उगवू आपण. थंडीच पाह्यजे नं त्याले? थंडी तं आपला धंदा आहे."

आणि त्यांनी खरोखरच जीव ओतला होता. पहिल्या खेपेला, मी येण्याआधी, चांगल्या काळ्या मातीत बी पेरलं होतं, सगळ्या जगाला पोसणारी माती म्हणून. ते कुजलं. मग त्यांना कळलं की ह्या झाडाला पोसलेलं चालत नाही, उपाशीच ठेवावं लागतं. अरुणावती नदीची जाड रेती चाळून, धुऊन, त्यात विटेची खडी. बी खसखशीहून बारीक. ते पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं आणि न्हाव्याच्या फवाऱ्यानं ओलं करायचं. मग साध्या फ्रीजमध्ये, दुधाशेजारी, महिना-दोन महिने ठेवून बियाला हिवाळा दाखवायचा. हिवाळा सोसल्याशिवाय ते जागंच होत नाही. जागं झालं की काचेच्या फ्रीजमध्ये, दिव्याखाली, ना गार ना गरम अशा हवेत. त्यासाठी त्यांनी फ्रीजचा काटाच बदलून घेतला होता. मला ह्यातलं फारसं कळायचं नाही, पण एक कळायचं की कपांतले ठिपके मोठे व्हायला बघतात आणि कशानं ना कशानं मरतात.

एकदा मे महिन्यात आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस वीज येणार नाही असं कळलं. इन्व्हर्टर दुपारपर्यंत संपला. मिलिंदभाऊ मोटरसायकलवर बर्फाची लादी गोणपाटात बांधून घेऊन आले, छिन्नीनं फोडली आणि तुकडे काचेच्या फ्रीजच्या तळाशी रचू लागले. वर न्हाणीत डोलमा नाकाला फडकं लावून पडली होती. मी जिन्यात उभी राहून हे पाहत होते, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खाली उतरले आणि एक मोठा तुकडा सरळ उचलला.

"मॅडम, तेवढा..." ते म्हणाले, आणि माझं तोंड पाहून त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

मग मात्र ते स्वतःच उरलेल्या बर्फाचं गोणपाट उचलून वर आले. डोलमाच्या डोक्याशी बसले, कपाळावर, मानेखाली बर्फ फिरवत राहिले, तिचं रक्त आपल्या सदऱ्याला पुसत. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण पाण्याची धार जिन्याकडे वाहत होती आणि त्यांचे कान खाली होते. डोलमानं डोळे न उघडताच म्हटलं, "जा तुमी खाली. ते मरन."

आणि ते गेले.

ती रोपं त्या उन्हाळ्यात जगली. मेली ती पुढे, आजीच्या हातानं. आजीनं उभा जन्म दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदण-खुरपण करण्यात काढलेला. रोपटं खुजं दिसलं की त्याला खायला घालायचं, एवढं तिला ठाऊक. मिलिंदभाऊ पुसदला गेले होते त्या दिवशी तिनं शेजारून वाटीत युरिया आणला आणि प्रत्येक कपात चिमूट चिमूट टाकला. वर पाणीही घातलं. दोन दिवसांत पानं कडेनं करपली, मग लोळली.

"पऱ्हाटीले टाकतो तसा टाकला, बाई," आजी मला सांगत होती, पदर तोंडाशी धरून. "एवढे हाडकुळे रोपं. पोरगा माहा इतका मरून राह्यला त्यायच्यासाठी. मले पाह्यल्या नाही गेलं."

 मिलिंदभाऊंनी कप धुतले, रेती वाळत घातली. डोलमानं मात्र सासूचे हात हातात घेतले आणि हसली. तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. संध्याकाळी बघते तर तिनं माळ्यावरून बॅग उतरवलेली, लोकरीचा जाड कोट दोरीवर ऊन दाखवायला टाकलेला. मी विचारलं, "काय गं, कुठे निघालीस?"

"घरी," ती म्हणाली. "आता जाचं आहे नं."

मिलिंदभाऊ जेवायला आले तेव्हा कोट पाहिला. म्हणाले, "अजून चिमूटभर बी शिल्लक आहे, डोलमा. ह्या बारीनं होऊन जाते." तिनं कोटाची घडी केली आणि बॅग परत माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता तिनं मला गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. तिची माय परीक्षा वगैरे घेणारी बाईच नव्हती. हसत हसत म्हणाली होती की उगवलं तर मला सांगा, आणि नाही उगवलं तर दोघं परत या, ताजं बी देईन.

"हा अर्धीच गोष्ट सांगते सगळ्यायले," डोलमा म्हणाली. "तीन खेपा मेलं, ताई. तीन खेपा जाचं होतं आमाले."

मी तशीच तणतणत अंगणात गेले. मिलिंदभाऊ कुणाच्या तरी फ्रीजची पाठ उघडून बसले होते. म्हटलं, "सासूबाईंनी 'नाही उगवलं तर या' असं म्हटलं होतं ना? मग नेत का नाही हिला?"

त्यांनी पाना खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत.

"म्हटलं होतं. पण मॅडम, मेलेली रोपं घेऊन सासूच्या दारात जाऊ? पाह्य बुढे, तुही पोरगी आमच्यात जगत नाही म्हणून?"

"पोरीला बघेल ना ती. रोपाचं काय घेऊन बसलात?"

"उन्हाळ्यात धंद्याचे दिवस असतात. हिवाळ्यात तिकडला रस्ता बंद. पावसाळ्यात दरडी कोसळतात." मग पाना परत उचलून म्हणाले, "फूल आलं का जाऊ. कुंडी हातात घेऊन जाऊ. होऊन जाते."

मला तेव्हा ह्या माणसाचं कोडं उलगडल्यासारखं झालं. कुणीही काहीही सांगितलं की त्याला त्यात बिघाडच ऐकू यायचा. डोलमा म्हणायची, मला घरी जायचंय. हा ऐकायचा, इथं गरम होतं. आणि गरम होण्यावर त्याच्याकडे इलाज होता. कुणी त्याला सांगावं की इलाज नकोय, बाबा, नुसती गाडी पकड? मी सांगितलं. माझ्याकडून जेवढं कडक सांगता येईल तेवढं सांगितलं. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं.

उरलेल्या चिमटीतून दोन रोपं आली. एक गेलं, एक राहिलं. त्या एकाला मिलिंदभाऊंनी कसं वाढवलं ते मी रोज येता-जाता पाहिलं. वर्षभरात तळहाताएवढी पानांची गादी झाली. मग त्यांनी त्याला पुन्हा हिवाळा दाखवला, आजीच्या मिरच्यांचा फ्रीज रिकामा करून त्यात. बाहेर श्रावण-भादवा चालला होता आणि त्याच्यापुरतं पौष-माघ. दसऱ्याच्या आधी ते काचेच्या दारामागे परत आलं, आणि पानांच्या मधोमध एक कळी दिसली. आता त्यांचं पाऊल जमिनीला लागेना. पोळीच्या डब्याएवढा थर्मोकोलचा डबा करून घेतला, आत कुंडी बसेल असा खाचा कापला. सासूपुढे कुंडी कशी ठेवायची, काय बोलायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात डोलमाच्या भावाचा फोन आला. मायला श्वास लागतो, जेवत नाही, उठत नाही. बर्फ अजून पडलेलं नाही, लवकर या.

डोलमानं बॅग काढली. मिलिंदभाऊंनीही हातातलं काम टाकलं, नागपूरहून गाडी कधी आहे ते बघायला लागले. ते तसेच निघाले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण घराबाहेर पडायला जिन्याखालून जावं लागायचं.

"चार दिस थांबू," ते वर येऊन म्हणाले. "कळी रंगावर आली. दोन-चार दिसात उघडते. आता उचललं तं गळून जाईन. फूल पाह्यलं तं बुढी उठून बसन, डोलमा. तिचंच तं मागणं होतं."

मी मध्ये पडले. म्हटलं, "फूल राहू द्या, फोटो पाठवा मागून. आज निघा." आजीनंही म्हटलं, "घेऊन जाय रे पोरीले, माय कुनाची थांबते का?" मिलिंदभाऊ सगळ्यांना हात जोडून चारच दिस, चारच दिस म्हणत राहिले. आणि डोलमा? तिच्या हाती स्वतःचे पैसे नव्हते असं नाही, रस्ताही विचारत विचारत गेली असती. मला वाटतं, त्या घटकेला तिलाही खरं वाटलं असावं. इतकी वर्षं जे ऐकत आली ते एकदाच तिनं मानलं. बॅग दाराशी ठेवून ती काचेच्या फ्रीजसमोर पाटावर जाऊन बसली.

त्या आधी तिनं त्या फ्रीजकडे वळूनही पाहिलं नव्हतं. आता तिथून हलेना. भाजी निवडायची ती तिथं, जेवायची तिथं. एकदा मी शाळेतून आले तर मला म्हणाली, "ताई, फूल लवकर उघडाचं काही औषध राह्यते का? तुमच्या पुस्तकात असन."

नव्हतं. कळी होती तिथंच. गुलाबी टोक बाहेर काढून घट्ट मिटलेली. मिलिंदभाऊ काटा जरा वर नेत, परत खाली आणत, दिवा जवळ घेत. चार दिवसांचा आठवडा झाला. भावाचा पुन्हा फोन आला, वर ढग उतरलेत. मिलिंदभाऊंनी तिकिटं काढली. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी सकाळी फोन आला की माय रात्रीच गेली, आणि गावच्या रस्त्यावर बर्फ पडून तो बंद झाला. येऊ नका. पोहोचणार नाही.

डोलमा रडली नाही. फोन मिलिंदभाऊंच्या हातात देऊन न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं. आत पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. आजी दारावर डोकं टेकून बसली होती, तिलाच रडू आवरत नव्हतं. मी मिलिंदभाऊंकडे पाहिलं. ते तिकिटांच्या कागदाची बारीक घडी करत होते, उलगडत होते, परत करत होते. त्या दिवशी मला त्यांचा इतका संताप आला की तोंडावर बोलायचं बाकी ठेवलं नसतं. पण तो कागद पाहिल्यावर मी आजीला उठवायला गेले.

फूल त्यानंतर उघडलं. विहारात डोलमाच्या मायसाठी वंदना झाली, आलेली माणसं पांगली, आणि एका सकाळी काचेमागे ते उघडलेलं दिसलं. मिलिंदभाऊंनी कुंडी दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात नेली. मी तिथंच चहा घेत होते. दांडा वीतभर वाढला होता, काडीसारखा, वाकलेला; दिव्याखाली वाढलेलं ते, उजेड शोधत वर गेलेलं. वर फिकट गुलाबी दोन फुलं. डोलमा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं पाहिलं.

"आमच्या तिकडं एवढं लंबं नाही होत," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

 हातातली कुंडी कुठं ठेवावी हे मिलिंदभाऊंना कळत नव्हतं. शेवटी आजीनं ती त्यांच्या हातातून घेतली.

हिवाळाभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. डोलमा सगळं करायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. एप्रिल लागला तसं एक दिवस मिलिंदभाऊंनी फ्रीजमधून ती कुंडी काढली आणि भर दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत त्या रोपाचं वाळलेलं गवत झालं. ऐन धंद्याच्या दिवसांत त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तिकडचा वरचा रस्ता उघडल्याची बातमी येताच डोलमाला घेऊन निघाले. मी बसस्टँडवर पोचवायला गेले होते. डोलमानं माझ्या गालाला गाल लावला. ह्या वेळी बॅग मोठी होती, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही.

ते गेलेले असतानाच माझ्या बदलीची ऑर्डर आली. दारव्हा तालुक्यात. आजीच्या पाया पडून, किल्ल्या तिच्या हाती देऊन मी निघाले. फोन केला की मिलिंदभाऊ "आलो परत" एवढंच सांगत. डोलमाला द्या म्हटलं की "नाही जवळ" म्हणत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बोरी अरबला, बाजाराच्या दिवशी. एका हॉटेलाच्या मागच्या अंगणात डीप फ्रीजपाशी उकिडवे बसले होते. केस पांढरे झालेले. मला पाहून उठले, हात पुसले. हॉटेलवाल्यानं दोन चहा दिले. मी थेटच विचारलं, "डोलमा कुठेय?"

"तिकडंच."

"कधी येणार?"

"इचारलं नाही मी."

मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली, चहाचा ग्लास हातात फिरवत. गाडीरस्ता संपल्यावर चढ होता. चढावर वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं आणि पाण्याच्या दोन्ही कडांना ती फुलं. "पाय ठेवाले जागा नाही, मॅडम, एवढी. गाई चरून राह्यल्या होत्या त्यायच्यात. त्या खाऊन राह्यल्या होत्या." डोलमानं फुलांकडे पाहिलं नाही, भराभर चढत गेली. घराला कुलूप होतं. किल्ली खाली भावाकडे. ती दारापुढे ओट्यावर बसली, कुलपाकडे तोंड करून. हे खाली जाऊन किल्ली आणतो म्हणाले, तर नको म्हणाली. ऊन कललं, वारा सुटला, तरी उठेना. त्यांनी कोट तिच्या अंगावर घातला. मग ती बोलली. तिथं तिच्या गावात, तिच्या मायच्या दारात, आपल्या आर्णीच्या बोलीत बोलली.

"म्हणे, मले थांब म्हटलं तं मी थांबली. मायले काहून नाही म्हटलं?"

हॉटेलवाल्यानं आतून हाक मारली. मिलिंदभाऊंनी ऐकली नाही.

"रागानं म्हणाली का?" मी विचारलं.

"नाही नं, मॅडम. रागानं म्हणाली असती तं मी तिले संगं आणलं असतं."